उंबराखालचे रविवार

बाबा, यंदा नदी खूप उतरली आहे. तुम्ही असता तर काठावर उकिडवे बसून बराच वेळ नुसतं पाहिलं असतं आणि मग म्हणाला असता, आता मजा येईल. सगळं रायपूर उन्हाळ्याच्या नावाने बोटं मोडत असायचं आणि तुम्ही एकटे पाणी उतरायची वाट पाहायचात. पावसाळ्यात खारून गढूळ असते, हिवाळ्यात तिचं अंग भरलेलं असतं, मासा कुठे आहे ते कळत नाही. चैत्र सरला की महादेव घाटाच्या वरच्या अंगाला, त्या वाकड्या उंबराखाली एक डोह तेवढा उरतो, बाकी सगळी रेती आणि दगड. आजूबाजूचे मासे त्या सावलीत गोळा होतात. मागच्या रविवारी मी तिथे गेले होते, तुमची काठी घेऊन. आणि आईला घेऊन. हो, आईलाच. तुम्ही हयात असताना जिने त्या नदीकडे पाठ करून पोळ्या लाटल्या, ती परवा डोक्यावर पदर घेऊन, प्लास्टिकच्या खुर्चीत, तुमच्या उंबराखाली बसली होती. कशी ते सांगते, जरा सावकाश सांगते, कारण माझंही अजून सगळं नीट जागेवर बसलेलं नाही.

काठी घरात आली तेव्हा मी शाळेत होते. तुमच्या रेल्वे वर्कशॉपातले एक साहेब बदलीवर जाताना सामान कमी करत होते, आणि त्यांच्याकडची ती लवचीक, लांब काठी कोणी घेईना. तुम्ही घेतलीत. गळाला गांडूळ नाही, पिठाची गोळी नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, ती लांब दोर हवेत मागेपुढे झुलवून पाण्यावर अशी टाकायची की खरी माशी बसली असं माशाला वाटावं. गुढियारीच्या आपल्या घरासमोर तुम्ही गळ न लावता नुसता दोर फेकायचा सराव करायचात, तेव्हा शेजारचे एकमेकांना सांगायचे, मराठी बाबू को गर्मी लग गई. कोंबड्याची पिसं शॉपातला कोणीतरी द्यायचा. लाल लोकर मात्र आईच्या तोरणातून गायब व्हायची, कारण उंबरं पिकून पाण्यात पडायला लागली की माशांना लाल गोळी लागते हे तुम्ही शोधून काढलं होतं. तिला ते कळलं तेव्हा लोकरीपेक्षा उंबराचंच मोठं भांडण झालं. वर्धेकडची, दत्ताच्या घरातली पोरगी ती. औदुंबराखाली बसून जीव मारायचा, हे तिच्या डोक्यात मावेना. "देवाच्या झाडाखाली गळ टाकाले लाज नाही वाटत तुम्हाले? दुसरी जागा नाही भेटली?" तुम्ही म्हणालात, "मासे तिथंच येऊन राहिले तं मी काय करू?"

तडजोड झाली ती मी दाराआडून ऐकली होती. मासा घरात आणायचा नाही. मारायचा नाही, धरला की सोडायचा. गुरुवारी काठीला हात लावायचा नाही. तुम्ही तिन्ही गोष्टींना लगेच हो म्हणालात, इतकं लगेच की आई आणखी एखादी अट सापडते का म्हणून थोडा वेळ उभीच राहिली. तुम्ही मूळचे भंडाऱ्याचे, तळ्यांच्या गावचे. लहानपणी ताटात भात आणि मासा याशिवाय काही ओळखीचं नसलेला माणूस लग्न झालं आणि मासा विसरला. निदान आम्ही सगळे असंच धरून चाललो.

मला तुम्ही न्यायला लागलात त्या उन्हाळ्यातली एक सकाळ अजून आठवते. मी उत्साहाने पुढे धावले आणि डोहाच्या कडेला जाऊन उभी राहिले. पाणी काचेसारखं होतं, तळाचे दगड मोजता यावेत असं, आणि त्यात काळ्या पाठींची एक रांग शांत उभी होती. मी बोट दाखवलं आणि रांग नाहीशी झाली. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही म्हणालात, "आधी तुझी सावली उचल तिथून." मला कळेना सावली कशी उचलायची, म्हणून मी रडले. मग तुम्ही मला गुडघ्यांवर बसवून शिकवलंत की पाणी कमी झालं की माशाला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, म्हणून आपण लहान व्हायचं. माशीही लहान, तांदळाच्या कणीएवढी, दोरही बारीक. दोर मागे पूर्ण जाऊ द्यायचा, मगच पुढे आणायचा. "घाई कोणाले झाली?" हे तुम्ही इतक्यांदा विचारायचात की मला घाई ही वाईट सवयच वाटायला लागली. आणि ऊन चढायच्या आत उठायचं, कारण पाणी तापलं की सोडलेला मासाही जगत नाही. त्या वर्षी वाढदिवसाला तुम्ही मला पावडरच्या जुन्या डबीत तुमच्या हातच्या माश्या दिल्यात. मैत्रिणींना फ्रॉक मिळत होते. मी फ्रॉकसाठी रुसले नाही, याचं आईला आजही आश्चर्य वाटतं.

मग मी मोठी झाले. म्हणजे आईच्या मते झाले. "पोट्टी आता नदीवर नाही जाणार," एवढंच ती म्हणाली, आणि तुम्ही काही बोलला नाहीत, याचा मला राग आला होता. तिथून पुढे तुम्ही एकटे जाऊ लागलात. दर रविवारी पहाटे सायकलवर, नंतर स्कूटरवर. मी नागपूरला शिकायला गेले, नोकरी लागली, लग्न झालं, आणि तुमचे ते सगळे रविवार मी पाहिलेच नाहीत. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की रायपुरात परत येऊन घेतलेल्या तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये तुमची काठी माळ्यावर कुठे ठेवली आहे हेही मला शोधावं लागलं.

आई आता माझ्याकडेच असते. तिला काचबिंदू झाला आहे. बाजूचं दिसेनासं झालंय, समोरचं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, आणि ती नळीही बारीक होत चालली आहे असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते फार जपून सांगितलं, पण आई बाहेर येऊन म्हणाली, "म्हणजे जाणार. सरळ सांगाले काय होते यायले?" त्यानंतर काही दिवसांनी ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती, डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त, आणि मी चहा ठेवत होते. ती मान वर न करता म्हणाली, "मले एकदा नदीवर ने. ते काय करत होते ते पाहाचं आहे." मी हसले. म्हटलं, इतक्या वर्षांनी? ती म्हणाली, "डोळे आहेत तोवर पाहून घेतो." मी म्हटलं, त्यात पाहण्यासारखं काय आहे, मासे धरायचे आणि सोडायचे. तेव्हा तिने ताट बाजूला सरकवलं.

"तेच तं म्हणून राहिली मी. मासे धरून सोडाले कोण जाते दर रविवारी? असं कोणी करते का? आन् परत आले की जेवत नव्हते. भूक नाही म्हणत. मी पोळ्या करून वाट पाहून राहिली, आन् हे हातपाय धुऊन झोपून राहिले. तू जात होती तोवर ठीक होतं. मग? मग कोणाच्या घरी जेवत होते?"

बाबा, गॅसवरचा चहा उतू गेला. मी तिला म्हटलं, बाबा तसे नव्हते. आणि मग जे लक्षात आलं त्याचं हसू यावं की रडू तेही कळेना. दुसऱ्या कोणाचाही नवरा नदीवर गेला की पिशवी घेऊन येतो, घरात वास सुटतो, खवले पडतात, बायको कुरकुरते आणि तिला खात्री असते. तुमच्या हातात काही नसायचं, कारण तिनेच तसं वचन घेतलं होतं. तिच्याच अटीने तुमचा पुरावा दर रविवारी पाण्यात सोडला जात होता. आणि त्या रिकाम्या हातांकडे पाहून ती इतकी वर्षं मनात एक बाई उभी करत राहिली. तुम्हाला तिने कधी विचारलं नाही. तुम्ही गेल्यावर कोणाला विचारणार? "हो म्हणाले असते तं मी काय केलं असतं," ती म्हणाली, "आन् नाही म्हणाले असते तं मले पटलं असतं का?"

म्हणून आम्ही गेलो. सकाळी अजून ऊन कोवळं होतं. मी गाडीतून खुर्ची काढली, आईला धरून रेतीवरून नेलं, उंबराच्या उघड्या पडलेल्या मुळांपाशी बसवलं. खाली डोह पाहिला तर तुम्ही सांगायचात तसाच होता, लहान झालेला, नितळ, आणि मध्ये काळ्या पाठी. आईला मी बोटाने नेमकी दिशा दाखवली. तिने मान इकडेतिकडे हलवत नळी जुळवली आणि म्हणाली, "हो गं. आहेत." पहिली गोष्ट खरी निघाली होती. मी जरा सैल झाले आणि तिथेच चुकले. इतक्या वर्षांनी काठी हातात घेतलेली, दोर मागे पूर्ण जायच्या आधीच मी पुढे ओढला, आणि तो पाण्यावर फटकन आपटला.

"गेले?" आईने विचारलं.

"गेले."

"आता?"

"आता बसायचं."

"किती वेळ?"

"ते परत येईपर्यंत."

आई खुर्चीत मागे टेकली. आम्ही बसलो. मासे हळूहळू परत आले, आधी एक, मग दोन, जणू काही झालंच नाही. दुसऱ्या वेळी माझी माशी उंबराच्या फांदीत अडकली आणि ती सोडवताना माझे गुडघे करकरले. पुन्हा मासे गेले, पुन्हा बसलो. तिसऱ्या वेळी मी काही न करताच, पलीकडून म्हशी पाण्यात उतरल्या म्हणून मासे गेले. आई म्हणाली, "हे तं फारच भित्रे आहेत." पण तिने खुर्ची स्वतःच जरा पुढे ओढली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तिच्या अंगावरची सावली सरकून तिचा एक खांदा उन्हात आला होता आणि तिला ते कळलंच नव्हतं, एवढं मी पाहिलं. मग एक पिकलेलं उंबर टुपकन पाण्यात पडलं, दोन पाठी वर आल्या, आणि मी श्वास धरून माझी लाल गोळी तिथेच ठेवली.

कोतरी जातीची मासळी होती, वितभर. तुमचं ऐकून मी तिला फार खेळवलं नाही, पाण्याबाहेरही काढलं नाही. हात ओले करून पाण्यातच धरली आणि आईला हाक मारली. आई मुळाला धरून खाली आली, वाकली, नळी नेमकी माझ्या हातावर आणली. "एवढीशीच?" म्हणाली. मग जिने जन्मात माशाला हात लावला नव्हता तिने एक बोट पुढे केलं, त्या चंदेरी अंगावरून हळूच फिरवलं आणि मागे घेतलं. मी मूठ सैल केली. कोतरी क्षणभर माझ्या तळव्यावर तशीच उभी राहिली, आणि मग नव्हती. आई बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिली. मला वाटलं झालं, पटलं. ती उठली, बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "मासे तं खरे निघाले. पण जेवत कुठं होते?"

मी काही बोलणार तेवढ्यात बाजूने आवाज आला. आईला त्या बाजूचं दिसत नाही, ती दचकली. एक म्हातारी उभी होती, केवटपाऱ्यातली, तिथल्या कोळीवस्तीतली, डोक्यावर सरपणाची छोटी मोळी. ती आमच्याकडे नाही, काठीकडे पाहत होती. "ए तो बाबू के गरी आय," ती म्हणाली. गरी म्हणजे गळाची काठी, हे तुम्हाला सांगायला नको. मी आईचा हात धरला. आईने विचारलं, "कौन बाबू?"

"रेलवई वाले मराठी बाबू. इही डूमर तरी बइठे राहय. मछरी ला धरय, अउ छोड़ देवय." डूमर तरी म्हणजे उंबराखाली. म्हातारीने मोळी खाली टाकली आणि मुळावर बसली. "तुमन बाबू के घरवाली हव का?"

"हव," आई म्हणाली.

म्हातारी तोंडावर हात ठेवून हसायला लागली. आणि मग, बाबा, तिने तुमचं सगळं बिंग फोडलं. काठी गुंडाळली की तुम्ही तिच्या घरी जायचात, तिच्या नवऱ्याशेजारी मांडी घालून बसायचात, आणि मछरीचा रस्सा आणि भात, तिच्या भाषेत सागभात, खाऊनच उठायचात. एकदा नाही, दर रविवारी. "मोर आदमी हँसय," ती म्हणाली, "कहय, बाबू अपन मछरी ला छोड़ देथे, अउ हमर ला खाथे. बाबू कहय, मोर बाई बड़ धरम वाली हे, ओला झन बताहू. अब तो बाबू नइ हे, मोर आदमी घलो नइ हे, त बता देंव."

बायकोला सांगू नका, असं तुम्ही त्यांना बजावलं होतंत; आता तुम्हीही नाही आणि तिचा नवराही नाही, म्हणून तिने सांगून टाकलं. ऊन समोरून येत होतं, म्हातारीचा चेहरा आईला दिसत नसावा. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दिसाले कशी आहे?" मी म्हटलं, "म्हातारी आहे आई. तुझ्याएवढीच." आई म्हणाली, "मी वय नाही विचारलं." मग ती स्वतःच दोन पावलं पुढे गेली, अगदी जवळ, आणि तिने नळी म्हातारीच्या चेहऱ्यावर आणली, जशी मघाशी कोतरीवर आणली होती. म्हातारी हसत तशीच बसून राहिली, कोणी आपल्याला असं पाहतं याचं तिला काही वाटलं नाही. आईने पुरतं पाहून घेतलं. मग शेजारच्या मुळावर टेकली आणि विचारलं, "कैसी बनाती थीं?"

कोतरी आधी भाजायची, म्हातारी सांगू लागली. मग सरसों वाटून, लसूण घालून, वर चिंचेचं पाणी. आईने मध्ये एकदा विचारलं की हळद आधी का नंतर. जिच्या ओट्यावर अंडंसुद्धा चढलं नाही ती डोळे मिटून सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तेल कितना डालती थीं?" म्हातारीने हाताने दाखवलं. आईने मान हलवली. "थोड़ा कम डालना था. तेल उनको सहन नहीं होता था. रात भर पेट पकड़ के बैठते थे."

"बाबू त कभू नइ बताइस," म्हातारी म्हणाली, खरोखर वाईट वाटून.

"बताते कहाँ थे कुछ," आई म्हणाली, आणि त्या दोघी तुमच्यावर जरा रागावून एकत्र गप्प बसल्या. मी काठी गुंडाळत होते. ऊन चढलं होतं, पाण्याला हात लावून पाहिला तर कोमट लागलं.

घरी येताना रिंग रोड लागेपर्यंत आई ते बोट पदरात गुंडाळून बसली होती. मग म्हणाली, "मले सांगितलं असतं तं काय झालं असतं?"

"तू हो म्हणाली असतीस?"

"नसती म्हणाली." ती खिडकीबाहेर पाहत होती, म्हणजे तोंड तिकडे होतं. "भांडली असती. महिनाभर भांडली असती. मग झालं असतं. पण सांगाचं ना. एवढी वर्षं मी भलत्याच गोष्टीसाठी भांडत होती यायच्यासंगं, मनातल्या मनात. आन् यायले मासाच पाहिजे होता." आणि ती रडली, बाबा. फार नाही. हसतही होती. मला तिच्याकडे नीट पाहता आलं नाही, गाडी चालवत होते.

आता ती आत तांदळाचं ताट घेऊन बसली आहे आणि मी एवढा वेळ काय लिहिते म्हणून दोनदा विचारून झालंय. मी म्हटलं, बाबांना. तिने त्यात नवल मानलं नाही. म्हणाली, "मले वाचून दाखव. आन् तेलाचं लिही." तेलाचं लिहिलं आहे. इथपर्यंतचं सगळं मी तिला वाचून दाखवणार आहे. कुठे पाठवायचा पत्ता तर नाहीच, ऐकणारी तेवढी एक आहे.

पुढचं मात्र वाचणार नाही. तिने स्वयंपाकघरात तो प्रश्न विचारला तेव्हा मी तिला म्हटलं, बाबा तसे नव्हते. लगेच म्हटलं, जरासुद्धा न थांबता. पण मग रात्रंदिवस तेच डोक्यात फिरत राहिलं, आणि माझ्याकडे तुमच्या बाजूने सांगायला काहीच नव्हतं, कारण मी तिथे नव्हते. नदीवर म्हातारी काठीकडे पाहून बोलायला लागली, तेव्हा पुढे ती काय सांगणार ते मला ऐकायचं नव्हतं. मी आईचा हात धरला. आई कालच शेजारच्या काकूंना सांगत होती, पोरीने मला कसं घट्ट धरून ठेवलं होतं. तिला वाटतं, मी तो तिच्यासाठी धरला होता.